नानांचा सौदा

मे महिन्यातला दुसरा रविवार. मी गच्चीवर ज्वारीचे पापड, बिबडे थापत होते आणि खाली नानांचं सामान टेम्पोत चढत होतं. ते लेकीकडे नाशिकला कायमचे चालले होते. मी खाली उतरले नाही. हात पिठाचे होते, एवढं कारण पुरलं.

तळमजल्यावरचे नाना खोटं बोलत नाहीत, ही भुसावळच्या आमच्या सगळ्या बिल्डिंगची समजूत. दूधवाल्याला ते तोंडावर म्हणत, "आज नळ जरा जास्तच सोडलास." सोयरीक जुळवायला आलेल्यांनी शेजारच्या मुलाची चौकशी केली, तर "मुलगा चांगला, पण उठतो दहाला" असं सांगून मोकळे. त्या घरानं अबोला धरला. गावाला जाताना किल्ली मात्र नानांच्याच खिळ्यावर.

ऑफिसला जाताना मी किल्लीबरोबर भुऱ्यालाही त्यांच्याकडे सोडायचे. भुऱ्या आमचा गावठी कुत्रा. मोजे, रुमाल, भांडी घासायचा काथ्या, जे दिसेल ते पळवायचा. ओरडलं की घाईघाईनं गिळायचा. नाना म्हणाले, "ओरडू नको, सौदा कर." नाना मूळचे धुळ्याकडचे. रविवारी वरण-बट्टी झाली की ते भुऱ्याच्या बट्ट्या बाजूला काढत. त्यानं मोजा उचलला की तुपात बुडवलेला तुकडा पुढे करायचा. तो मोजा सोडायचा. "त्याले बठ्ठं समजस, ताई." सगळं समजत होतंच. बट्टीची आठवण झाली की तो वस्तू शोधायला निघे. मी तसं म्हटलं, तर नाना हसले. "व्यापारी आहे तो."

यंदाच्या थंडीत भुऱ्या ओकायला लागला.

"नाना, यानं काही गिळलं का?"

"नाही. माझ्या डोळ्यांसमोरच होता."

डॉक्टरांनीही तेच विचारलं. मी ठणकावून सांगितलं, "काही गिळलेलं नाही. नानांनी सांगितलंय." नाना मागेच उभे होते. पोट बिघडल्याची इंजेक्शनं सुरू झाली. तिसऱ्या दिवशी त्याला उभं राहवेना, तेव्हा गाडी करून जळगावला नेलं. वाटभर त्याचं डोकं नानांच्या मांडीवर होतं. नाना त्याचे कान कुरवाळत होते.

ऑपरेशननंतर तिथल्या डॉक्टरांनी ट्रे पुढे केला. लांबच लांब मरून रंगाची लोकर, तिच्यात गुंतलेला माझा काथ्या आणि टोकाला गोंडा. नानांची कानटोपी. "नाडी ओढावी तसं आतडं चुणलं होतं," डॉक्टर म्हणाले. "एक तुकडा कापावा लागला. आधी आणायला हवं होतं."

मी नानांकडे पाहिलं. ते टोपीऐवजी मफलर गुंडाळून फिरत होते, हे मला तेव्हा दिसलं.

"तुम्ही पाहिलं होतं?"

"बट्टी संपली होती," नाना म्हणाले. "मी ओरडलो. त्यानं गिळली."

"मग मला का नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं, तर दुसऱ्या दिवशी त्याला माझ्याकडे सोडलं असतंस?"

"नसतं सोडलं."

"मग?"

आतड्याचा राग कधीतरी निवला असता. पण त्या पहिल्या डॉक्टरांपुढे मी नानांच्या शब्दावर बोलले होते, आणि त्यांनी मला बोलू दिलं.

भुऱ्या वाचला. खिळ्यावरची आमची किल्ली मी काढून आणली आणि ऑफिसला जाताना भुऱ्याला घरातच ठेवू लागले. बिल्डिंगमध्ये कोणाला बोलले नाही. बाकीच्या किल्ल्या तिथेच राहिल्या. जिन्यात नाना विचारत, "कसा आहे?" मी "बरा" म्हणून वर येई. एकदा म्हणाले, "पाच मिनिटं सोड ना त्याला." मी सोडलं नाही.

त्या रविवारी टेम्पो गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसला निघायच्या गडबडीत दार उघडं राहिलं आणि भुऱ्या माझी चप्पल घेऊन खाली पळाला. नानांच्या दाराला कुलूप. तो चप्पल तोंडात धरून दारासमोर बसला होता. मी हाक मारली, तर त्यानं जबडा आणखी आवळला.

मी वर गेले. काल घरी केलेली, उरलेली बट्टी फोडून तुपात बुडवली आणि खाली येऊन नानांच्या पायरीवर बसले. तुकडा पुढे केला. त्यानं आधी कुलपाकडे पाहिलं, मग चप्पल सोडली. मी त्याला वर घरात सोडलं, चप्पल पुसून पायात घातली आणि ऑफिसला गेले.