काठावरचं पोहणं

पाण्याचं आमच्या दादांइतकं वेड असलेला आणि तरीही पाण्यापासून इतका कोरडा राहिलेला माणूस अख्ख्या मराठवाड्यात दुसरा सापडायचा नाही. दादा म्हणजे माझे सख्खे भाऊ नव्हेत. लातूर जिल्हा नवा झाला आणि उस्मानाबादहून टेबलं, कपाटं आणि आम्ही कारकून एकाच ट्रकने इकडे आलो, तेव्हा आमच्या ऑफिसातल्या टपालाची आवक-जावक ते सांभाळत. वयाने आमच्याहून बरेच थोर, म्हणून साहेबसुद्धा त्यांना दादा म्हणत. ऑफिस सुटलं की हे गृहस्थ बाकावर पालथे पडत आणि हातपाय मारू लागत. "पोहायला शिकायलोय," असं वर शांतपणे सांगत. पाण्यात कधी उतरणार, असं विचारलं की म्हणत, "आधी हात बसू दे की. पाणी काय पळून चाललंय?" एकदा नव्या शिपायाने त्यांना या अवस्थेत बघितलं आणि फीट आली असं समजून धावत येऊन नाकाला चप्पल लावली. दादांनी आणखी चार हात मारले, सराव पुरा केला आणि मगच उठून त्याचे आभार मानले.

या वेडाचं मूळ त्यांनी मला हसत हसतच सांगितलं होतं. त्यांच्या गावात सगळी पोरं पाठीला वाळका भोपळा बांधून विहिरीत पोहायला शिकली. दादांचं घर तेव्हा नुकतंच बौद्ध झालेलं. धर्म बदलला तरी गावाची विहीर काही बदलली नव्हती. यांच्या वस्तीतल्या पोराने नुसता काठाला हात लावला तरी पाणी बाटायचं. मग दादा लांब बाभळीखाली बसून पोहणाऱ्यांचे हातपाय बघत, आणि मातीत पालथं पडून तसंच करत. "माझं काठावरचं पोहणं पक्कं हाय. पाण्यातलं तेवढं राह्यलंय," असं म्हणून ते स्वतःच खो खो हसत. आपल्याला मात्र कुठे बघावं ते कळत नसे. सरकारी गोष्टींवर त्यांचा फार जीव होता. एस.टी. असो, वाचनालय असो, नाक्यावरची पाणपोई असो, "सरकारी हाय, म्हंजे आपलंच हाय," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

त्यात नव्या जिल्ह्याचा नवा नकाशा ऑफिसच्या भिंतीवर लागला आणि त्यावरचे निळे ठिपके बघून दादांची झोपच उडाली. "अरे बग, तळ्यांचा जिल्हा हाय आपला! आन समदी तळी सरकारी!" लगेच बेत ठरला. होळीच्या जोडून आलेल्या सुट्ट्यांत निलंग्याहून पाठीवर सामान टाकून पायी निघायचं, तळ्याकाठी मुक्काम करत देवणीवरून उदगीर गाठायचं, आणि वाटेत जे तळं मनाला येईल त्यात दादांनी उतरायचं. मी तयार झालो आणि आमच्यातला देगलूरचा एक दोस्तही. त्या वर्षी पावसाने दडी मारली होती, लातुरात टँकरमागे लोक धावत होते, हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं. पण नकाशा सरकारी होता.

आमच्या पाठीवर सतरंजी, भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. दादांच्या पाठीवर एवढं सगळं, शिवाय हवा भरायचा पंप, दोर आणि खांद्यावर फुगवलेली ट्रकची ट्यूब. निलंग्याच्या गाडीत कंडक्टरने त्या ट्यूबचं अर्धं तिकीट मागितलं. पहिल्या तळ्यात शेळ्या चरत होत्या. दुसऱ्यात पोरांनी क्रिकेटचा डाव मांडला होता. तिसऱ्याच्या मधोमध कुणीतरी टरबुजाचे वेल लावले होते, तेही वाळून गेलेले. देगलूरचा दोस्त दर वेळी आधी बांधावर चढे आणि त्यांच्याकडच्या तेलुगूत ओरडे, "नीळ्ळु लेवु!" पाणी नाही, एवढं तेलुगू आम्हाला त्या प्रवासात पाठ झालं. दादा मात्र प्रत्येक तळ्यात पार मध्यापर्यंत चालत जात. एका मेंढपाळाला त्यांनी विचारलं, "इथं पाणी कुठवर असतंय?" तो म्हणाला, "पाऊस झाला तर दोन पुरुष खोल." दादांनी मान वर करून आभाळाकडे बघितलं. "म्हंजे मी आत्ता तळाला उभा हाय!" आणि त्या भेगाळलेल्या मातीत उभ्या उभ्या त्यांनी सावकाश दोन्ही हात मारले. आम्ही हसून लोळलो.

देवणीच्या अलीकडच्या शेवटच्या तळ्यावर मात्र दोस्ताने काही न ओरडता नुसतं बोट दाखवलं. मध्यभागी पाणी होतं. कमरेइतकं असेल, पण होतं. दादांनी चपला काढल्या, विजार गुडघ्यापर्यंत दुमडली, ट्यूब गळ्यात अडकवली आणि ते थेट काठाशी गेले. तिथे आसपासच्या गावांतल्या बायका कळशा घेऊन बसल्या होत्या. वाटीने वरचं नितळ पाणी काढून कळशीत भरत होत्या. एका म्हातारीने दादांना बघून तांब्या भरला आणि त्यांच्या हातात दिला. "लई दमलाव जणू. प्या. आन उतरायचं तर उतरा बाबा, पाणी काय कुणाच्या बापाचं हाय?"

दादा तांब्या तोंडाला लावून सगळं पाणी प्यायले. मग किती तरी वेळ त्या डबक्याकडे बघत राहिले. शेवटी त्यांनी ट्यूबची पिन दाबली, आणि ती फुस्स करत त्यांच्या गळ्यातच मऊ पडली.

"लहानपणी लोक म्हणायचे, माझ्यानं पाणी बाटतंय," ते मला म्हणाले. "तवा खोटं होतं ते. आज पाय घातला तर खरं होईल बग."

मग ट्यूबची घडी घालून त्यांनी पाठीवर टाकली आणि आम्ही उदगीरची वाट धरली.

त्यानंतर माझी बदली उस्मानाबादला झाली, दोस्त नांदेडला गेला, आणि तळी भरली की पुन्हा जाऊ हे बोलणं तसंच राहून गेलं. फार वर्षांनी लातुरात त्यांच्या घरी गेलो. गुडघे धरल्यामुळे दादा खुर्चीतच होते. न राहवून मी विचारलं, "दादा, शेवटी पोहलात का?"

"पोरगी पोहली की! तेच तळं, तीच ट्यूब. तुडुंब भरलं होतं रे. मी काठावर दोर धरून. लई वाटायचं उतरावं, पण मी दोर सोडला असता तर तिला धरणार कोण? ती शिकली, तवर हे गुडघे गेले." मग हसले. "पर हात इसरलो न्हाई हां."

आणि खुर्चीत बसल्या बसल्या त्यांनी दोन्ही हात पुढे घेऊन सावकाश बाजूला सारले, पुन्हा पुढे घेतले. याच गोष्टीला ऑफिसात आम्ही पोट धरून हसायचो. आता मला फार वाईट वाटत होतं, आणि मी नुसता त्या हातांकडे बघत होतो. हात अगदी बरोबर चालले होते.