कट्ट्यावरचं दूध बंद

मंडळी, आज सकाळी रक्ताचा रिपोर्ट आला. कोलेस्टेरॉल वाढलंय, ट्रायग्लिसराइड तर फारच.

डॉक्टरीणबाईंनी पोटाला टेप लावली. म्हणाल्या, "काका, प्रत्येक जाड माणसाचं वाढतंच असं नाही. पण पोटावर चरबी साठली की रक्तातलीही वाढते, आणि चांगलं कोलेस्टेरॉल कमी होतं. वजन उतरवा. रोज काय खाता-पिता?"

सांगितलं, संध्याकाळी गवळी म्हशी आणून उभ्या करतात त्या कट्ट्यावर, समोर धार काढलेलं म्हशीचं दूध. दोन मोठे ग्लास.

"आधी ते बंद!"

त्यांचं चुकलं न्हाई की. पण बायको गेल्यापासून दिवसभरात मला हाक मारणारा माणूस एकच, तो कट्ट्यावरचा गवळी. एक ग्लास संपला की निघावं लागतं, म्हणून मी दुसरा घ्यायचो. भूक कुठली!

आज सवयीनं गेलतो. लांबच उभा राहिलो. तो ओरडला, "मास्तर, ग्लास भरू न्हवं?"

"आज नको."

"बरं," म्हणून तो पुढच्या गिऱ्हाइकाकडं वळला. मी घरी आलो.

खरं सांगा, काही न घेता नुसतं उभं राहिलं तरी चालेल, अशी जागा हाय का तुमच्याकडं?