मीनाबाई मिस्त्री

शाळांचे गणवेश शिवणाऱ्या आमच्या कारखान्यात मशीन बिघडलं की त्यावर लाल चिंधी बांधायचा रिवाज आहे. चिंधी बांधली की बाईनं हात काढून घ्यायचा, बटणं लावायला जाऊन बसायचं आणि मिस्त्रीची वाट बघायची. बाईनं सुई बदलावी, बॉबिन भरावी, तेल घालावं. मशीनचं पोट उघडायचं ते मिस्त्रीनंच. हा नियम कुठं लिहिलेला नव्हता. लिहिलेले नियम आमच्याकडे कोण पाळतं? हा मात्र सगळ्या जणी पाळत.

मी पद्मजा, इथलं ऑफिस सांभाळते. शिक्षण बी.कॉम., जीभ तिखट. एकोणीस वर्षं मी ही चिंधी बघत आले आणि मीनाबाईंनाही.

मीनाबाई कॉलरच्या मशीनवर. वय पन्नाशीला टेकलेलं, नवरा लवकर गेला, दोन पोरी याच मशीनवर वाढवल्या. महेश्वर मिस्त्री आले की त्यांना टॉर्च धरायला मीनाबाईच लागायच्या. इतकी वर्षं टॉर्च धरून माणूस आंधळा थोडाच राहतो? मिस्त्री दोन-दोन दिवस फिरकले नाहीत की जेवणाच्या सुट्टीत एखाद्या मशीनवरची चिंधी गायब व्हायची आणि मशीन गुमान चालू असायचं.

"कुणी केलं हो?" मी विचारायची.

"कुनी न्हाय. जरा हलवलं, आपसूक सुरू झालं."

मला तो विनय वाटायचा. तो विनय नव्हता, त्यांना खरंच तसं वाटायचं. मिस्त्रीच्या हातून झालं तर कसब आणि आपल्या हातून झालं तर मशीनची कृपा. एकदा तर स्वतः नीट केलेलं मशीन त्यांनी दुसऱ्या दिवशी मिस्त्रींकडून तपासून घेतलं. मिस्त्रींनी एक स्क्रू सैल केला, तोच पुन्हा आवळला आणि म्हणाले, "आता झालं." मीनाबाईंचा जीव भांड्यात पडला. माझी मात्र तळपायाची आग मस्तकात गेली.

गेल्या हिवाळ्यात मिस्त्रींना दिसेनासं झालं आणि ते काम सोडून मोडनिंबला, आपल्या गावी गेले. मालक अद्वैतसाहेबांनी जाहीर केलं, ज्याला यायचं त्यानं यावं, परीक्षा घेऊन नवा मिस्त्री नेमू. त्याच महिन्यात डॉक्टरांनी मीनाबाईंना सांगितलं होतं की पाठ गेली आहे, दिवसभर बसून शिवणं बंद करा. मिस्त्रीचं काम उभ्यानं आणि फिरतं. ते मिळालं तर कारखाना, नाहीतर घर. मी त्यांना न विचारताच त्यांचं नाव लिहून टाकलं.

दोन दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी दारात उभ्या. "चेष्टा करताय व्हय मॅडम? शिकलेली पोरं येनार तितं. मला त्यातलं काय कळतंय?"

"या तर खरं," मी म्हटलं.

परीक्षेला तीन पोरं आली, तिघंही आयटीआय झालेली. एका मशीनचं टायमिंग मुद्दाम बिघडवलं होतं, म्हणजे वरून सुई यायची वेळ आणि खाली शटल फिरायची वेळ जुळत नव्हती आणि टाके सुटत होते. सगळ्यात आधी बोलावलं मीनाबाईंना. सगळा कारखाना बघत होता. त्यांच्या हातातून स्क्रूड्रायव्हर दोनदा पडला. आयुष्यात मशीन पाहिलंच नाही अशा त्या खाली वाकून बघत राहिल्या. पोरं एकमेकांना कोपरानं ढोसायला लागली.

"न्हाय जमत," त्या म्हणाल्या.

"राहू द्या मावशी," अद्वैतसाहेब म्हणाले. "जरा शिवून दाखवा फक्त, टाका कुठं सुटतोय ते या पोरांना कळू दे."

मीनाबाई स्टुलावर बसल्या, कापड सुईखाली घातलं आणि हात सवयीनं चालायला लागले. चार बोटं शिवलं, थांबल्या, कान दिला. मशीन मागे कलवलं, एक स्क्रू सैल केला, शटल केसभर फिरवलं, स्क्रू आवळला. पुन्हा शिवलं. एकही टाका सुटला नाही. उठल्या आणि पोरांना म्हणाल्या, "घ्या, सुरू झालं की."

माझ्याच्यानं राहवलं नाही. मी सगळ्यांदेखत विचारलं, "मीनाबाई, कुणी केलं?"

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग मशीनकडे, मग स्वतःच्या हाताकडे. "मी," त्या म्हणाल्या, पण इतक्या हळू की अद्वैतसाहेबांना ऐकूच गेलं नाही. त्यांनी पुन्हा विचारलं. "मी केलं," दुसऱ्यांदा आवाज नीट निघाला. नोकरी त्यांना मिळाली.

इथं थांबले तर सगळं श्रेय मला जाईल आणि मला ते आवडेलही. पण पुढं जून आला. शाळा सुरू व्हायला आठ दिवस, हजारभर शर्टांना काजं पाडायची राहिलेली आणि काजाचं एकुलतं एक मशीन मोठा आवाज करून बंद पडलं. या मशीनला मीनाबाईंनी कधी हात लावला नव्हता. मी धावत ऑफिसात आले आणि फोन लावला. कुणाला लावतेय हा विचारसुद्धा केला नाही.

पलीकडून आवाज आला, "हॅलो, महेश्वर बोलतोय." मी वर पाहिलं तर दारात मीनाबाई. कोपरापर्यंत हात तेलानं काळे. पलीकडचा आवाज त्यांनीही ओळखला होता. मला इतकी लाज वाटली की फोन ठेवायचंही सुचेना.

त्या रागावल्या नाहीत. पदराला हात पुसत म्हणाल्या, "मिस्त्रींना नमस्कार सांगा मॅडम. आन कपाटाची किल्ली द्या. पट्टा तुटलाय, दुसरा बसवते."