पडवीतला सरकारी पलंग

सुमन गेली तेव्हा मी स्वयंपाकघरात तांदूळ निवडत होते. अंगणापलीकडच्या पडवीतून दिराने हाक मारली, "वहिनी, लवकर या…" त्या आवाजावरूनच कळलं. धावत गेले. माझी धाकटी जाऊ उशीला टेकून शांत पडली होती. चेहऱ्यावर त्रास नाही, हातात हिरव्या बांगड्या, उशाशी नवरा. खरं सांगते, रडू यायच्या आधी मला तिचा हेवा वाटला. स्वतःच्या घरात, सवाष्ण गेली बया!

हेवा काही नवा नव्हता. एकाच अंगणात समोरासमोर दोन घरं. विवळवेढ्याच्या जत्रेत आम्ही दोघी एकाच कासाराकडे सारख्याच बांगड्या भरायचो, पण लोक म्हणायचे, सुमनच्या हाताला शोभतात. भाकऱ्या माझ्या पातळ, आणि लहानपणी माझीच मुलं जेवायला तिच्या चुलीपाशी! एका बाबतीत मात्र माझी मान ताठ असे. आमच्या ह्यांना तलासरीकडच्या कंपनीत नोकरी होती, विमा होता. सुमनकडे भातशेती आणि रेशनकार्ड. "मोठं आजारपण आलं तर काय करशील गं?" मी विचारायची. ती हसायची, "तुझ्या पॉलिसीत माझं नाव घाल ना, ताई."

आजारपण आधी आमच्याकडेच आलं. ह्यांचा कॅन्सर यकृतात पसरला, डॉक्टरांनी आशा सोडली. हे एकच म्हणत होते, "मला घरी ने." पण विमा दवाखान्यातल्या खाटेचा. घरी नेलं की ऑक्सिजन, नर्स, औषधं, सगळं आपल्या खिशातून. एजंट फोनवर म्हणाला, "काकी, ॲडमिट आहेत तोवर सगळं कव्हर आहे. घरी न्याल तर माझ्या हातात काही नाही." आम्ही नाही नेलं. हे आयसीयूच्या काचेच्या दारामागेच गेले… एक रुपया भरावा लागला नाही, सगळं कॅशलेस, असं लोक कौतुकाने सांगत होते.

वर्षभरातच सुमनचंही तेच निघालं. मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलं, आता घरीच ठेवा, त्रास तेवढा कमी करू. मग सरकारी दवाखान्याची सिस्टर कासाहून जीपने यायला लागली. दुखण्याच्या गोळ्या फुकट, जखमेची पट्टी फुकट. डोक्याकडून वर होणारा लोखंडी पलंगसुद्धा वापरायला दिला. सिस्टर त्याच्या कडेला बसून विचारायची, "मावशी, आज काय खावंसं वाटतं?" मी दारात उभी राहून जळायची. आमच्या माणसाला हे कोणी विचारलं नव्हतं. आणि वर्षानुवर्षं हप्ते कोणी भरले? आम्ही!

पलंग आला त्या दिवशी दिराने तो रस्त्याकडे तोंड करून लावला, तेवढीच येणारी-जाणारी माणसं दिसतील म्हणून. सुमनने तो फिरवायला लावला. मला वाटलं, झाले हिचे नखरे सुरू. शिवाय पडल्या पडल्या चौकशा चालूच. "ताई, आज काय रांधलंस?… काल दुपारी जेवली नाहीस ना?" मी फणकारायची, "तू आपली गोळी घे." हिला कसं कळतं, हा प्रश्न मला पडला नाही. भोचकपणा तिच्या अंगातच होता.

दिवसकार्य झाल्यावर जीप पलंग न्यायला आली. "दुसरी एक आजी वाट बघतेय," सिस्टर म्हणाली. ती चहाला आत गेली आणि मी हळूच त्या पलंगावर आडवी झाले. एवढं काय सुख होतं त्यात, ते मला बघायचंच होतं. समोर रस्ता नव्हता, चिकूची झाडं नव्हती. समोर माझ्या स्वयंपाकघराचं दार सताड उघडं होतं, आणि आत तो पाट, ज्यावर हे गेल्यापासून मी एकटी ताट घेऊन बसते.

पलंग गेला. पडवीच्या सारवलेल्या जमिनीत त्याच्या पायांचे खळगे राहिलेत. मी आता रोज दार उघडं ठेवून, तिकडे तोंड करून जेवते. ताट स्वच्छ करूनच उठते. हेवा मात्र काही केल्या जात नाही. सुमन, तुला शेवटपर्यंत बघायला आपलं माणूस होतं गं… ह्यांना नुसतं पांढरं छत मिळालं. तेही कॅशलेस.