दोन मार्कशीट

बारावीला माझे फिजिक्स, केमिस्ट्री आणि मॅथ्सचे मिळून एकशे तेहतीस मार्क आले. इंजिनिअरिंगला सीईटीशिवाय बोर्डाचेही तीनशेपैकी एकशे पस्तीस लागत होते. सीईटीत मी चांगली चमकले होते, त्यामुळे दोन मार्कांनी सगळं अडलंय हे घरात कुणाच्या डोक्यात शिरेना. माझ्याही डोक्यात शिरायला दोन दिवस लागले. क्लासवाल्यांनी सीईटी, सीईटी करून आमचं डोकं खाल्लं होतं. बोर्डाचे पेपर काय, ते होतातच, असं सगळेच म्हणायचे. माझे नाही झाले.

पास झालेल्या मुलीला नुसतं फिजिक्स पुन्हा देता येत नाही. मार्क वाढवायचे तर सगळे विषय द्यायचे, मराठीसकट. आप्पा म्हणाले, "दे की मग. एक वरीस काय, असं जाईल." आप्पा वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटमध्ये माथाडी. साताऱ्याकडून गोण्या उचलायला आलेला हा माणूस कशाला घाबरलेला मी पाहिला नव्हता, म्हणून मीही घाबरले नाही. घाबरायला हवं होतं.

ते वर्ष मी कोपरखैरण्याच्या घरात बसून काढलं. मैत्रिणी कॉलेजचे फोटो टाकायच्या आणि मी फोन पालथा ठेवायची. खालच्या मजल्यावरच्या काकू जिन्यात गाठायच्या.

"कितवीला गं आता?"

"बारावीला."

"अजून?"

दर महिन्याला त्यांना नव्याने आश्चर्य वाटायचं. मला त्यांचा इतका राग यायचा की दोन जिने चढेपर्यंत मनातल्या मनात भांडत असायची. फिजिक्सने माझं नाक कापलं होतं, तर मी वर्षभर फिजिक्सच धरून बसले. मॅथ्समध्ये पन्नास होते, ते कुठे पळून जातायत? त्या पुस्तकाला मी हातच लावला नाही म्हटलं तरी चालेल.

परीक्षेला आजूबाजूला सगळ्या माझ्यापेक्षा वर्षाने लहान मुली. फिजिक्सचा पेपर मी हसत हसत दिला. मॅथ्सच्या पेपरला पहिलंच गणित अडलं. मग येत होतं तेही येईना. पर्यवेक्षक बाई दोनदा बाकाशी येऊन हळूच म्हणाल्या, "लिही गं काहीतरी." मी पेन धरून बसून राहिले.

निकाल लागला. फिजिक्स अडतीसचे बावन्न झाले होते. केमिस्ट्री पंचेचाळीसचे सेहेचाळीस. मॅथ्स पन्नासवरून पस्तीसवर. बेरीज मी तीनदा केली. एकशे तेहतीस.

मार्कशीट हातात आल्यावर आप्पांनी जुनी आणि नवी, दोन्ही फरशीवर शेजारी शेजारी ठेवल्या. आकड्यांना ते पक्के. नव्या कागदावरच्या बावन्नवर बोट ठेवलं, मग सेहेचाळीसवर, मग जुन्या कागदावरच्या पन्नासवर.

"एकशे अठ्ठेचाळीस हुत्यात की!"

त्यांचा चेहरा एवढा उजळला की मला पुढचं बोलवेना. शेवटी सांगितलं, असं चालत नाही, एकच मार्कशीट धरतात.

"इचारल्याबिगर कसं म्हनतीस?" ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी खाडा करून, इस्त्रीचा शर्ट घालून ते माझ्याबरोबर प्रवेशाची कागदपत्रं तपासतात त्या केंद्रावर आले. खिडकीपाशी मी बोलायच्या आत त्यांनी दोन्ही मार्कशीट आत सरकवल्या.

"सायेब, मार्केटात दोन गोन्या फुटल्या तर आमी निवडून चांगला माल एकीत भरतो. वजन पुरं भरतं. व्यापारी पन काय म्हनत न्हाय. तसं करा. पोरगी तीच हाय, इषय बी त्येच हायती."

मागे रांगेत कुणीतरी हसलं. मला मागे वळून बघायची हिंमत झाली नाही. खिडकीतला मुलगा मात्र हसला नाही. त्याने दोन्ही कागद नीट पाहिले आणि म्हणाला, "काका, असं नाय होत. सिस्टीम एकच मार्कशीट घेते."

आप्पा खिडकीशी आणखी वाकले. मग अगदी हळू आवाजात विचारलं, "मग ह्यातली बरी कंची?"

त्याने पुन्हा एकदा पाहिलं. "दोन्ही सारख्याच आहेत, काका."

आप्पांनी कागद परत घेतले, हाताने सरळ केले आणि फाइलमध्ये ठेवले. बसमध्ये ते खिडकीपाशी बसले. मला वाटत होतं, त्यांनी एकदा तरी ओरडावं. मॅथ्सचं पुस्तक का उघडलं नाहीस, एवढं तरी विचारावं. ते खिडकीबाहेर बघत होते.

जिन्यात काकू उभ्याच होत्या. "झालं का अ‍ॅडमिशन?"

मी तोंड उघडायच्या आत आप्पा म्हणाले, "व्हय, झालं."

आप्पांना खोटं बोलताना मी पहिल्यांदाच ऐकलं. काकू खूश झाल्या, पेढे मागितले. मी फाइल छातीशी धरून आप्पांच्या मागे उभी होते.

घरात येऊन चपला काढताना ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "आता कुटंतरी अ‍ॅडमिशन घ्यावंच लागंल तुला."