यमूच्या हातावरचं दही

दुपारचं जेवण अंगावर आलंय आणि शर्वाणी सोफ्यावर जराशी टेकलीय. "पाचच मिनिटं हं," असं स्वतःलाच बजावतेय; पण तिची पाच मिनिटं घरादाराला ठाऊक आहेत. संध्याकाळी निर्मात्याला एका गाजलेल्या जुन्या कादंबरीवरची पटकथा वाचून दाखवायचीय आणि शेवटच जमत नाहीये. नायिका यमू शिकायला घर सोडते, तर उंबऱ्यात उभी राहून दहा-अकरा पानं नुसता विचार करते. कादंबरीतली ती पानं वाचून लोक पिढ्यान्‌पिढ्या रडले. पडद्यावर विचार दाखवायचा कसा, कप्पाळ? निर्माता म्हणतो, अडलंच तर यमूचं लग्न लावून टाका.

"लग्न लावतोय मेला."

सोफ्याच्या कडेला अनसूयाबाई परुळेकर बसल्यात. कादंबरी त्यांचीच. जाऊन कितीतरी वर्षं झाली, पण नऊवारीची खळ अजून मोडलेली नाही. शर्वाणी आनंदानं त्यांच्याकडे सरकते.

"बाई, ती शेवटची पानं..."

"काढून टाक."

"लोक मला फाडून खातील."

"खाऊ देत. चल, यमूची गाडी चुकेल."

सोफा आता एसटी स्टँडवरचं बाकडं झालाय. तिकिटाच्या खिडकीमागे चूल पेटलीय. शेजारच्या उंबऱ्यात यमू ट्रंक घेऊन उभी.

"आई कुठंय हिची?" बाई विचारतात.

"दाराआड. तुम्हीच लिहिलंय, ती शेवटपर्यंत बाहेर येत नाही."

"तेव्हा मी माझ्या आईवर रुसले होते गं. मला नाही आणता आलं तिला. तू आण."

शर्वाणी दार ढकलते. आई बाहेर येते. डोळे लाल. सबंध कादंबरीभर पोरीला अडवणारी ही बाई वाटीतलं दही काढते आणि परगावी निघालेल्याच्या हातावर ठेवतात तसं यमूच्या हातावर ठेवते. यमू ते खाते आणि उंबरा ओलांडते. झालं, एवढंच. शर्वाणीला नाचावंसं वाटतं.

"आता तू हात कर पुढे," बाई म्हणतात. "तुलाही निघायचंय ना?"

तळव्यावर गार काहीतरी पडतं.

शर्वाणी डोळे उघडते. खिडकीतलं ऊन भिंतीवर गेलंय. उजवा तळवा चिकट लागतोय. ती चाटून बघते, तर आंबट. पटकथेच्या नादात आठवडाभर घरात विरजण लागलेलं नाही. ती ताडकन उठते आणि हात न धुताच शेवटचं पान लिहायला बसते.