चांगूचा टाक

कुडपणकडे चढणाऱ्या रस्त्यावर एक वाडी आहे. तिचं नाव लिहीत नाही, कारण मला तिथे अजून जायचं-यायचं आहे. अनिलचं नाव मात्र लिहिणार. त्याने ते चारचौघांत कमावलं आहे.

अनिल हा रखमाचा धाकटा दीर, राहणार नालासोपारा. रखमा वाडीतच राहते. वय पन्नाशीच्या पुढे, अंगाने काटकुळी, आवाज मात्र पलीकडच्या डोंगरावर जाईल असा. नवरा चांगू नाचणीच्या शेतात छातीत कळ येऊन गेला. दोन मुली, दोघी सासरी. मुलगा नाही. आमच्याकडे हे शेवटचं वाक्य लोक हळू आवाजात बोलतात, जसं काही बाईने चोरी केली आहे.

चांगूचं वर्षश्राद्ध झालं तेव्हा रखमाने आपले चांदीचे तोडे मोडून त्याचा टाक करून घेतला. घरातला कर्ता माणूस गेला की चांदीच्या पत्र्यावर त्याची मूर्ती उठवून घेतात आणि देव्हाऱ्यात देवांच्या ओळीला बसवतात. मग तो रोज पूजेत असतो, सणाला नैवेद्याला असतो. महाडच्या सोनाराने मिशी थोडी जास्तच झुपकेदार काढली होती. रखमा म्हणाली, ऱ्हाऊ दे, जिवंतपनी त्याला आली नाय, आता तरी येऊ दे.

टाक बसला त्याच दिवशी, भावकी जेवायला बसलेली असताना, अनिल उभा राहिला. "मुलगा नसलेल्या बाईच्या हातात कुळाचे देव उपाशी राहतात," म्हणाला. "देव कुळाच्या पोराकडे गेले पाहिजेत. माझ्या घरी सेपरेट मंदिर केलंय, मार्बलचं." कुणी वर बघितलं नाही. पंगतीत बसलेल्या माणसाला पत्रावळीत बघायची फार सोय असते. अनिलने देव्हाऱ्यातले सगळे टाक टॉवेलात गुंडाळले आणि गाडीत घातले. त्यात त्याचा भाऊही गेला.

देव कशाला हवे होते त्याला? घर हवं होतं. वाडीचा नेम असा, की शिमग्यात गावदेवीची पालखी ज्या घरात टाक आहेत त्याच घरात शिरते. पालखी शिरत नाही ते घर भावकीत धरत नाहीत. त्या घरचा नारळ देवळात चालत नाही, लग्नाचं बोलावणं येत नाही, शेताचा बांध कुणी सरकवला तर साक्षीला कुणी उभं राहत नाही. बाई मग कंटाळून लेकीकडे जाते आणि घराला आपोआप नवा मालक मिळतो. मारहाण नाही, शिवी नाही, सगळं देवाच्या नावाने. हा धंदा मी तालुक्यात बऱ्याच घरांत बघितला आहे.

त्या वर्षी शिमग्याला रखमा ओटीचं ताट घेऊन अंगणात उभी राहिली. सारवलेलं अंगण, रांगोळी, सगळं केलेलं. ढोल वाजत आले, तिच्या दाराशी पोचले आणि पुढे गेले. ज्यांना तिने लहानपणी कडेवर घेतलं होतं ते पोरगे खांद्यावर पालखी घेऊन मान खाली घालून गेले. पुढे कुशाबा चालत होता. तो वाडीचा म्हातारा, देवीचे नेम त्याच्या तोंडात. तो एवढंच म्हणाला, "घरात देव नायत गो. नेम हाय."

ती माझ्याकडे, पोलादपूरला आमच्या बायकांच्या संघटनेच्या ऑफिसात आली, तेव्हा मी कागदच काढला. बहिष्काराविरुद्ध कायदा आहे, आपण कुशाबासकट सगळ्यांना आत घेऊ, म्हटलं. ती पाणी प्यायली.

"आनि माजे देव ताई? ते पोलिसाच्या टेबलावर येनार?"

"मुद्देमाल म्हणून येतील कदाचित."

"माजा नवरा मुद्देमाल नाय. तुमी थांबा. भावजीला माज्या दारात यावं लागंल."

मी थांबले. मला थांबायला सांगितलं की माझं डोकं उठतं, पण तिच्या तोंडाकडे बघून थांबले.

पुढच्या वर्षी अनिलच्या मुलाचं लग्न झालं. सून दिशा, पनवेलकडची. नवी सून पहिल्या शिमग्याला आपल्या घरात पालखीखालून जायची, देवीपुढे तिची ओटी भरायची, त्याशिवाय तिला घराण्यात मोजत नाहीत. अनिलने व्याह्यांना सांगून ठेवलं होतं की आमचा गावाला मोठा मान आहे. वाडीत दोघा भावांचं घर एकच, रखमा राहते तेच; व्याही तिथे बघायला येणार होते.

आता या शहाण्याने टाक बरोबर आणावेत की नाही? नाही आणले. आणले तर वैनी ते धरून बसेल, परत देणार नाही, ही भीती. आपण पुरुष आहोत, कुळाचं पोर आहोत, पालखी आपल्याला बघून शिरेल, असा त्याचा हिशेब.

पालखी यायच्या आदल्या दिवशी रखमा कुशाबाच्या पडवीत जाऊन बसली होती. मीही होते.

"कुशाबा, नेम बाईला येगळा आनि बाप्याला येगळा हाय काय?"

"नेम येकच."

"उद्या ढोलासमोर बोलाल?"

म्हाताऱ्याने तंबाखू मळून दाढेत धरली. "बोलंन," म्हणाला.

दुसऱ्या दिवशी पालखी वळणावर आली. अनिल नवा सदरा घालून, सून हिरव्या शालूत, व्याही मोबाइल धरून. रखमा घरातून आली आणि रस्त्याच्या मधोमध उभी राहिली.

"फुडं चला रे. या घरात देव नाय."

"वैनी, बाजूला व्हा. प्लीज, तमाशा नको."

"देव नालासोपाऱ्याला हायत ना भावजी? पालखी तकडं न्या. लिफ्ट बी हाय म्हनं."

ढोलवाले हसले. अनिलने कुशाबाकडे बघितलं. कुशाबाने जमिनीकडे बघितलं, मग म्हणाला, "नेम हाय रे अनिल. मागच्या साली हिच्या दारावरनं गेलो, आता तुज्यासाठी त्याच दारात थांबलो तर देवीला काय तोंड दाखवू?" पालखी पुढे गेली. व्याह्यांनी मोबाइलचं कव्हर टपकन मिटलं आणि तो खिशात ठेवला. तो आवाज मला ढोलापेक्षा गोड लागला.

अनिल रातोरात गाडी हाणून मुंबईला गेला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी टाक घेऊन हजर झाला. पालखी अजून वाडीतच फिरत होती, तिला निरोप पाठवून बोलावलं. घराचा उंबरा रखमाने अडवला होता. पदर खोचून बसली होती.

"आत ठेवतो, वैनी."

"माज्या हातात."

"मी ठेवतो ना."

"नेताना माज्या देव्हाऱ्यातनं नेलेस, देताना माज्या हातात दे."

सगळी वाडी अंगणात उभी. त्याने टॉवेल तिच्या हातात दिला. तिने तो उंबऱ्यावर सोडला आणि सगळ्यांच्या माना पुढे झाल्या. टाक काळे पडले होते. कडांना जुनी हळद वाळून चिकटलेली, एकाला बुरशी. चांगूची मिशी दिसतच नव्हती. मार्बलच्या मंदिरात त्यांना वर्षभर कुणी पाण्याचं बोट लावलं नव्हतं.

रखमाने चांगूचा टाक उचलून भावकीसमोर धरला. "बघा. कुनाच्या हातात देव उपाशी ऱ्हातात, बघून घ्या."

मग तिने चिंचेचा कोळ आणि राख आणवली आणि अनिलपुढे ठेवली. "घास."

"मी?"

"कुळाचं पोर हायस ना."

पालखी घरात पाटावर बसल्याशिवाय जमिनीला टेकवायची नसते. पोरं खांदे बदलत अंगणात उभी होती, ढोल थांबले होते, आणि अनिल पडवीत मांडी घालून, नव्या सदऱ्याच्या बाह्या वर करून, आपल्या भावाचं तोंड घासत होता. बोटं काळी झाली. कुशाबा म्हणाला, "बास झालं गो रखमा, पोरांचे खांदे गेले."

"कान ऱ्हायलाय," ती म्हणाली. "कान घास, भावजी. त्याला तुजं बोलनं नीट ऐकू येऊ दे."

लोक मला म्हणतात, ताई, इतकं कशाला, माफ करायचं. ज्याच्या दारावरून पालखी गेली नाही त्याने माफीवर बोलू नये.

सगळे टाक लख्ख झाल्यावर रखमाने ते आपल्या हाताने देव्हाऱ्यात बसवले, चांगूला उजव्या कडेला. मगच पालखी उंबरा ओलांडून आत आली. दिशाच्या ओटीची वेळ आली, रखमाने ताट उचललं, तशी अनिलची बायको पुढे सरकली. "विधवेच्या हातून नको," असं काहीसं पुटपुटली.

"देव माज्या हातचं खातात," रखमा म्हणाली, "तुजी सून खायची नाय?"

दिशानेच पदर पसरला. बाजू कुणाची धरायची हे त्या पोरीला कळलं होतं.

जेवायला अनिल थांबला नाही. बायकोला घेऊन गाडीत जाऊन बसला आणि मुलाला-सुनेला बोलवायला हॉर्न वाजवायला लागला. आत दिशा ताटावर बसली होती. ती उठायला लागली तशी रखमाने तिच्या ताटात आणखी एक पुरणपोळी टाकली आणि वर तुपाची धार धरली.

"वाजवू दे त्याला. गरम हाय, तू खा सावकाश."